दगडाचं माहेर

कोसमघाट,
२२ मे १९८८

प्रिय सोनी,

तुझं पत्र येऊन आज सतरा दिवस झाले. पोस्टमन ते चौकीवर देऊन गेला तेव्हा मी चुन्याच्या घाणीवर होतो. हात चुन्यानं भरलेत म्हणून फोडत नाही, असं मी स्वतःलाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ होते, तरी फोडलं नाही. तुझं अक्षर मला लांबून ओळखू येतं. शाळेत जायच्या आधी मीच तुला पुलाच्या कठड्यावर चुन्याच्या खड्यानं अ, आ, इ गिरवायला लावायचो आणि मग मीच ते पाण्यानं पुसायचो. शेवटी तिसऱ्या दिवशी तुझ्या काकूनं पाकीट फोडलं. गिरजा चौथी पास आहे, पण वाचते मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. शेवटच्या ओळींपाशी तिचा आवाज बारीक झाला. तिनं कागदाची घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि भाकरी थापायला निघून गेली.

डी.एड.चे पेपर चांगले गेले, निकाल लागला की कुठंतरी शाळा मिळेल, गडचिरोलीच्या वसतिगृहात पाण्याचे हाल आहेत, हे सगळं वाचून बरं वाटलं. म्हणजे पाण्याचे हाल वाचून नाही, बाकीचं. पण खाली तू लिहिलंस ते मला पाठ झालंय. ‘काका, पुरातत्त्व खात्यानं बाबाला पुलाच्या कामावर बोलावलं असं आईनं कळवलं. त्याला येऊ देऊ नका. ज्या पुलाचा दगड चोरला म्हणून जेलात गेला, त्याच पुलावर कोणत्या तोंडानं उभा राहील? उद्या मी मास्तरीण होईन आणि लोक परत म्हणतील, दगडचोराची पोरगी. बाबा तुमचा शब्द खाली पडू देत नाही. तुम्हीच त्याला नको म्हणा.’ तुला एका ओळीत ‘बरं’ असं उत्तर लिहायला मी तीन कार्डं वाया घालवली. ‘बरं’ हा शब्द काही कठीण नाही, पण हात पुढे जाईना. मग आलापल्लीहून ही रेघांची वही आणवली. पत्र लांबणार आहे. डोळे दमले तर उद्या वाच, परवा वाच, पण अर्धं वाचून जंगूशी, तुझ्या बाबाशी, काही बोलू नकोस.

आधी पुलाची बातमी देतो, म्हणजे माझीही जरा हिंमत होईल. शहाऐंशीच्या पुरात पडलेल्या मधल्या दोन कमानी पुन्हा उभ्या राहिल्या. खात्याला कधी नव्हे ती घाई झाली, कारण यंदा आलेले नवे साहेब वेगळ्याच मातीचे आहेत. नदीत पडलेला एकेक दगड त्यांनी मोजून वर काढायला लावला, प्रत्येकावर खडूनं आकडा टाकला आणि जिथला तिथं बसवला. ते म्हणतात की गोंड राजांच्या काळी चांद्याहून दक्षिणेला जी वाट जायची, तिच्यावरचा हा पूल. सहा कमानी, कुठं लोखंडाचा खिळा नाही, नुसता घडीव काळा दगड आणि चुना. प्रवाहाच्या वरच्या अंगाला खांब होडीच्या नाकासारखे टोकदार केलेत, पाणी कापायला. खांबावर कोरलेल्या ज्या जनावराला तू लहानपणी ‘मांजर’ म्हणायचीस तो हत्तीवर चढलेला सिंह आहे, राजाची खूण, आणि तो एवढा शाबूत क्वचितच कुठं राहिलाय म्हणे. साहेब त्या सिंहापुढे डोक्यावरची टोपी काढून उभे राहतात. जन्म गेला माझा या पुलावर, पण टोपी काढावी असं मला कधी सुचलं नाही. आमच्यासाठी तो नदी ओलांडायची वाट होती, आणि वर्षातून एकदा करायचं एक काम होतं.

त्या कामाबद्दल तुला कोणी नीट सांगितलं नाही, आणि सांगायचं ज्यांनी ते गप्प बसले. पुलाच्या मधल्या खांबावर कठड्याला लागून एक चौकोनी दगड होता. त्याच्या खाली खांबाच्या पोटात विहिरीसारखी पोकळी आहे. पुलावर पडलेलं पावसाचं पाणी फटींतून मुरून त्या पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकातून नदीत जातं. वर्षभरात तिथं माती, पाला, विंचवाची बिळं, काय काय साचतं. म्हणून चैत्रात तो दगड काढायचा, गाळ उपसायचा, पिंपळाची रोपं मुळासकट ओढायची, आणि भोकावर काटेरी फांद्या ठेवून दोन महिने ऊन आत जाऊ द्यायचं. मृग लागायच्या आधी बेलाचा गर आणि गूळ घातलेल्या चुन्यात दगड परत बसवायचा. तुझा आजा म्हणायचा, “पुलाले बी श्वास घेऊ द्या लागते.” हे दोन महिने दगड वाटेवर पडून राहत नसे. तो माहेरी यायचा. एक वर्ष नदीच्या त्या काठाला तुमच्या घरी, एक वर्ष या काठाला आमच्या घरी. आंगणात सावलीला ठेवायचा, रोज तांब्याभर पाणी घालायचं, आणि पाठवताना सासरी निघालेल्या लेकीसारखी त्याची ओटी भरायची. दोन घरांशिवाय हे काम तिसऱ्या कोणी करायचं नाही, आणि दोन माणसांशिवाय तो दगड उचलत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव.

छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली. माझा बाप डोमाजी नागपूरला जाऊन आला आणि घरातले सगळे देव त्यानं नदीत सोडले. पुढच्या चैत्रात तुझा आजा विचारायला आला, आता दगडाचं कसं? बाप म्हणाला, “हळद-कुंकू मी नाई करत. दगड मातर उचलीन. पाण्याले का धरम रायते?” तेव्हापासून तुमच्या घरी दगडाला हळद लागायची आणि आमच्या घरी नुसतं पाणी, पण माहेरपण चुकलं नाही. बाप थकल्यावर ते काम माझ्याकडं आलं, तुझा आजा गेल्यावर जंगूकडं. आम्ही दोघं एका वयाचे, एकाच डोहात पोहायला शिकलेलो. तो गोंडीत शिव्या घालायचा आणि मी मराठीत, आणि दगड वर यायचा.

मग ऐंशीनंतर कधीतरी पूल संरक्षित झाला. निळी पाटी लागली. पाटीवर लिहिलं होतं की या स्मारकाला जो कोणी हात लावील, मोडतोड करील, त्याला तीन महिने कैद. गावात मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एकटा, म्हणून मला रोजंदारीवर चौकीदार नेमलं. खाकी सदरा मिळाला, शिट्टी मिळाली. आमच्या घराण्यात सरकारी शिट्टी वाजवणारा मी पहिला. बापानं पाटी वाचून घेतली आणि विचारलं की आता चैत्रात काय करशील? मी म्हटलं, बघू. तेव्हाच जर कागद लिहून साहेबांना कळवलं असतं की बाबांनो, या पुलाचा एक दगड दरसाल काढावा लागतो, तर कदाचित ते हसले असते, कदाचित रागावले असते, पण त्यांना माहीत तर झालं असतं. मी कळवलं नाही. रोजंदारीवरच्या माणसानं साहेबाला शिकवू नये, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर आमची रीत मला त्यांच्यापुढे अडाण्याची वाटू लागली होती.

ब्याऐंशीच्या एप्रिलात, दगड निघून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हाचे मोठे साहेब न कळवता जीपनं आले. बरोबर पाहुणे होते, पूल दाखवायला आणलेले. त्याच महिन्यात मला कायम करायचा कागद त्यांच्या सहीला जायचा होता. काकूला दिवस होते. साहेब पुलावरून चालत मध्यापर्यंत आले, पायानं काट्याच्या फांद्या सरकवल्या आणि भोक पाहिलं. पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला विचारलं, “इथला दगड कुठं आहे?” सोनी, एवढाच प्रश्न होता. उत्तर मला येत होतं, त्या मुलखात माझ्याइतकं कुणालाच येत नव्हतं. मी म्हणालो, “मला माहीत नाही साहेब.” का म्हणालो याची गेली सहा वर्षं मी हजार कारणं शोधली. कारण एकच आहे, मी भ्यालो. आणि एकदा ‘माहीत नाही’ म्हटल्यावर पुढचं सगळं त्याच्यामागून ओळीनं आलं, कारण आता खरं बोललो तर पहिलं खोटं उघडं पडत होतं.

पोलीस आले. दगड शोधायला काय लागतं, तुमच्या आंगणात करंजाच्या सावलीला हळद लावून ठेवला होता, लपवलेला थोडाच होता. तू तेव्हा आश्रमशाळेत होतीस. तुझी आई धुरपता मोहफुलं वाळवत होती, ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडं बघून हसली, घरचं माणूस बरोबर आहे म्हणून. जंगूही घाबरला नाही. त्याला वाटलं, देवाजी आहे, तो सांगेल. पंचनामा लिहिला गेला. खाली पंच म्हणून मी सही केली. जंगूचा अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “देवाजी, काय लिवलं हाये रे याच्यात? वाचून सांग मले.” कागदात लिहिलं होतं की संरक्षित स्मारकाचा दगड आरोपीनं चोरून नेल्याचं कबूल केलं. मी त्याला पहिल्या चार ओळी वाचून दाखवल्या, ज्यात गावाचं नाव, तारीख आणि दगडाची लांबी-रुंदी होती. मग म्हणालो, “दगड तुह्या आंगणात भेटला, एवढंच हाये. अंगठा लाव, सांजेपर्यंत सोडतीन.” त्यानं अंगठा लावला. हाताला हळद होती, ती कागदावर उमटली.

संध्याकाळी काही सोडलं नाही. तेव्हा आपला जिल्हा चंद्रपूरच होता, तिकडंच नेलं. खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीला बोलावलं. मी इस्त्रीचा खाकी सदरा घालून गेलो. कोर्टात पंचनामा पूर्ण वाचला गेला, मोठ्यानं, आणि जंगूला तेव्हा कळलं की त्यानं कशावर अंगठा दिला. तो माझ्याकडं वळून बघत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं. मग त्याला विचारलं की दगड काढताना आणखी कोण होतं? मला वाटलं, संपलं. जंगू म्हणाला, “कोनी नाई साहेब. मी एकलाच होतो.” तो दगड दोन माणसांशिवाय उचलत नाही, हे मी वर लिहिलंय. त्या कोर्टात एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा हडकुळा माणूस तो एकट्यानं कसा उचलेल. दुसरं टोक माझ्या हातात होतं, सोनी. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकीला कुलूप लावून, खाकी सदरा काढून खुंटीवर ठेवून मी त्याच्याबरोबर तो दगड काढला होता. गाळ उपसायला खाली तो उतरला होता आणि वर दोर धरून मी उभा होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती काय, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी बसमध्ये बसून घरी आलो.

तीन महिने. त्या तीन महिन्यांत तेंदूच्या पानाचा हंगाम गेला, धुरपतानं एकटीनं पानं तोडली. मी तुला आश्रमशाळेतून आणायला-पोचवायला जायचो, तुझी वह्या-पुस्तकं बघायचो, आणि लोक म्हणायचे, देवाजी मोठ्या मनाचा, दगडचोराच्या पोरीलाही जीव लावतो. मी ते ऐकून घ्यायचो. तुझी आई मला म्हणाली होती, “भाऊ, तुमी होते म्हनून पोरीची शाळा नाई सुटली.” त्या माउलीला मी काय सांगणार होतो? शाळेत पोरं तुला चिडवायची आणि तू रडत माझ्याकडं यायचीस. मी तुला म्हणायचो, लक्ष देऊ नको. ‘तुझा बाबा चोर नाही’ असं मी तुला एकदाही म्हटलं नाही. ते वाक्य तोंडाशी आलं की त्याच्यामागून दुसरं वाक्य यायचं, म्हणून पहिलंच गिळायचो. तू आज स्वतःच्या बापाला नदीपलीकडं ठेवू पाहतेस, यात तुझा काही दोष नाही. तुला तसं मी शिकवलं, अ-आ-इ सारखंच.

माझ्या बापाला मात्र सगळं दिसत होतं. मला कायम केल्याचा कागद मी त्याच्यापुढे धरला, तर तो म्हणाला, “चांगलं झालं. आता पेन्शन भेटेपर्यंत त्या भोकावर बसून राय.” तेवढंच. पुढच्या वर्षी तो गेला, तोवर आमच्यात जेवलास का, झोपलास का यापलीकडं बोलणं झालं नाही. जंगू सुटून आला, आठ दिवस घरी राहिला आणि बिऱ्हाड उचलून एटापल्लीकडं धुरपताच्या माहेरी गेला. का गेला ते तुला वाटत असेल, लाजेनं. लाजेनं नाही गेला. त्याच्या नावाची नोंद झाली होती ना, कुठं काही झालं की पोलीस आधी त्यालाच उचलणार होते. जायच्या आदल्या दिवशी तो चौकीवर आला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, “राहू दे. बाईले दिवस हायेत तुह्या.” आणि दर उन्हाळ्यात त्याच्याकडून पानाच्या द्रोणात बांधलेली चारोळी येते, बसच्या कंडक्टरच्या हाती. सहा वर्षांत एकदाही चुकली नाही. ती चारोळी मी खात नाही. काकू खिरीत टाकते आणि मी पोट बरं नाही म्हणतो. खाई त्याला खवखवे, मी तर न खाताही खवखवतो.

आणि पूल? त्या भोकात गिट्टी भरून वरून सिमेंट ओतायचा हुकूम झाला. म्हणजे पुन्हा कोणी दगड काढायला नको. ते सिमेंट मी कालवलं. ओतताना मला ठाऊक होतं की खांबाच्या पोटात आता पाणी राहील. चार पावसाळे ते तिथं राहिलं. कठड्याखालून पांढरे ओघळ उतरायला लागले, मधल्या एका कमानीला बोट जाईल एवढी फट पडली, पिंपळ मनगटाएवढा झाला. मी दर महिन्याच्या अहवालात लिहीत राहिलो, ‘स्मारक सुस्थितीत.’ शहाऐंशीच्या ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा मी काठावर उभा होतो. कमानी पडल्या तेव्हा वाटला होता तेवढा आवाज झाला नाही. पाण्याखाली काहीतरी बसल्यासारखं झालं आणि पुलाच्या मधे नुसतं आभाळ दिसायला लागलं. चारशे-पाचशे वर्षं जे टिकलं, ते माझ्या शिट्टीच्या राखणीत पाच वर्षांत पडलं. कुणी मेलं नाही, एवढीच माझी कमाई. बैल गेल्यावर झोपा करतात तसं मग खात्यानं दोन्ही टोकांना साखळ्या लावल्या.

यंदा नव्या साहेबांनी पडक्या खांबाचं पोट उघडलं. सिमेंटच्या बुचाखाली त्यांना ती पोकळी सापडली. ते बराच वेळ आत बघत बसले आणि म्हणाले की बांधणाऱ्यानं केवढा विचार केला होता, पण ही साफ करायला वरचा दगड निघत असला पाहिजे, तो कुठं आहे? सहा वर्षांनी तोच प्रश्न, सोनी. नुसते साहेब बदलले होते. दगड चौकीतच होता. खटला संपल्यावर मुद्देमाल म्हणून परत आला तो कोपऱ्यात, कागदाची चिठ्ठी चिकटवलेला. मी रोज त्याच्याकडं पाठ करून डबा खातो. या वेळी मी म्हणालो, “मला माहीत आहे साहेब.” आणि दगड दाखवला, रीतही सांगितली, त्याच्यासाठी बेलाचा चुना कसा मळायचा ते जंगू वेलादीलाच येतं हेही सांगितलं. साहेबांनी ताबडतोब त्याला बोलावणं धाडलं. पण दगड आंगणात कसा गेला, ते मी तेव्हाही सांगितलं नाही. अर्ध्या खऱ्याची सवय फार वाईट असते. ते सांगायला तुझं पत्र यावं लागलं. परवा मी साहेबांना सगळं लेखी दिलं, खाली सही केली, तारीख घातली. खोटी साक्ष दिली असं त्यात स्पष्ट लिहिलंय. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, नोकरी जाईल हे कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय. गिरजालाही सांगितलं. ती म्हणाली की पोराला सहावं लागलं, आता दिवस असल्याचं कारण सांगता येणार नाही.

आता एक राहिलं. साहेबांच्या कागदात तेही लिहिलंय, पण तुला लिहिताना पेन अडतंय. त्या वर्षी दगडाचं माहेरपण तुमच्याकडं नव्हतंच. एक्याऐंशीला तो तुमच्या आंगणात राहून गेला होता. ब्याऐंशीचं साल आमचं होतं. दगड वर काढल्यावर जंगूनं सवयीनं या काठाकडं पाऊल टाकलं, तेव्हा मीच त्याला थांबवलं. म्हटलं, “यंदा तुह्याकडंच ने. माह्या घरी साहेब येऊन राह्यले, दिसंल तर नोकरी जाईल.” तो हसून म्हणाला, “ने म्हंतेस तर नेतो. धुरपता खुश होईल.” मग आम्ही दोघांनी तो उलट्या दिशेनं वाहून नेला, तुमच्या करंजाखाली ठेवला, आणि धुरपतानं मला गुळाचं पाणी दिलं. तुझ्या बाबानं माझ्या घरचा पाहुणा स्वतःच्या घरी ठेवून घेतला, आणि त्याबद्दल तीन महिने जेलात राहिला, आणि कोर्टात, घरी, तुझ्यापुढेसुद्धा, तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

चार दिवसांपूर्वी कंडक्टरच्या हाती यंदाची चारोळी आली आणि निरोप आला, ‘मृगाच्या आधी येतो. बेलफळं जमवून ठेव.’ त्याला नको म्हण, असं तू मला सांगितलंस. मी म्हणणार नाही. उलट तू सुट्टीत घरी जा, आणि हे पत्र त्याला वाचून दाखव, त्यासाठीच एवढं लिहिलं. मराठीत वाचू नकोस, मराठीच्या कागदानं तो एकदा फसलाय. एकेक ओळ गोंडीत सांग. त्याला यातलं बहुतेक ठाऊक आहे, तरी सांग, कारण ते माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलेलं नाही. मधेच तो ‘राहू दे’ म्हणेल. तरी थांबू नकोस. त्या दिवशी मी त्याला चारच ओळी वाचून दाखवल्या होत्या. ऐकून झाल्यावर त्याला विचार, दगडाचं दुसरं टोक देवाजीनं धरायचं की नाही? हो म्हणाला तर मी सदरा खुंटीवर ठेवून पुलावर येईन. नाही म्हणाला तर मी काठावर उभा राहीन, आणि दुसरं टोक तू धर. चौकीतला दगड आज मी आणि पोरानं ढकलत ढकलत आमच्या आंगणात आणलाय. गिरजा त्याला तांब्याभर पाणी घालते आहे. सहा वर्षं उशीर झाला, पण तो आला आमच्याकडं.

तुझाच, आणि तू यापुढे म्हणशील तरच काका,
देवाजी